फोनचा पिन आठवत नाही: रिसेट करण्याआधी काय करायचं

घरातले, नात्यातले, कामावरचे मिळून असे बरेच फोन आजवर माझ्या हातात आलेत. तक्रार ठरलेली असते: काल रात्रीपर्यंत बोट ठेवलं की उघडत होता, आज पिन मागतोय आणि पिन काही केल्या आठवत नाही. त्यापुढचा प्रश्नही ठरलेला: "रिसेट मारून टाकू का?"

जरा थांबा. रिसेट म्हणजे फोनमधलं सगळं पुसणं. ते केल्यावर फोन सुरू होतो, ते खरं आहे. पण मी पाहिलेलं बहुतेक नुकसान पिन विसरल्यामुळे झालं नव्हतं, रिसेट चुकीच्या वेळी केल्यामुळे झालं होतं. माझ्या मावशीचा फोन असाच अडला. ती म्हणाली, "अगं, सकाळपासून आकडे टाकतेय. शेजारचा मुलगा म्हणतोय, दोन बटणं दाबली की नव्यासारखा होईल." मी "मावशी, त्याला थांबव" म्हणेपर्यंत त्याने बटणं दाबली होती. फोन खरंच सुरू झाला आणि आधीच्या गूगल खात्याचा पासवर्ड मागत अडून बसला. तो पासवर्ड मावशीला कधी माहीतच नव्हता. फोन घेतला तेव्हा खातं कोणीतरी उघडून दिलं होतं. ते खातं परत मिळवण्यात आमचे पाच दिवस गेले. खातं आधी सोडवून मग फोन पुसला असता, तर तोच फोन पुसल्याच्या संध्याकाळी तिच्या हातात चालू असता.

म्हणून खाली जे लिहिलंय ते त्याच क्रमाने करा. पुसणं सगळ्यात शेवटी.

नेमकं काय मागतोय ते वाचा

हे सांगायला विचित्र वाटेल, पण फोन रीस्टार्ट झाल्यावर कधी कधी मागतो तो सिमचा पिन असतो, फोनचा नाही. पडद्यावर बारीक अक्षरात 'सिम' हा शब्द दिसतो आणि घाईत तो कोणी वाचत नाही. सिमच्या पिनला तीनच संधी मिळतात. तिन्ही चुकल्या की पीयूके नावाचा ८ आकड्यांचा कोड लागतो. तो सिम देणाऱ्या कंपनीकडून मिळतो, सिम ज्या प्लास्टिकच्या कार्डातून आलं त्यावरही अनेकदा छापलेला असतो. पीयूके १० वेळा चुकला की सिम कायमचं निकामी होतं. तेव्हा हा अंदाज लावायचा कोड नव्हे. सिम काढून फोन सुरू करून पाहा. प्रश्न सिमचा असेल तर ती मागणी येणारच नाही.

आठवायचं कसं

एका बैठकीत वीस आकडे टाकून काहीही साधत नाही. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर पाच चुकांनंतर ३० सेकंद थांबावं लागतं आणि पुढे हा वेळ वाढत जातो. आयफोन आधी एक मिनिट, मग पाच, मग पंधरा, मग तासांच्या हिशेबाने थांबवतो आणि दहा चुकांनंतर पासकोड घेणंच बंद करतो. 'इरेज डेटा' ही सोय चालू असेल तर दहाव्या चुकीला आयफोन स्वतःहून सगळं पुसतो. आणखी एक: थांबायला सांगितलेल्या वेळेत आयफोन बंद करून पुन्हा सुरू केला तर वेळ कमी होत नाही, मोजणी नव्याने सुरू होते.

आता कामाचं. रोज वापरलेला पिन आकडे म्हणून डोक्यात नसतो, तो बोटात असतो. त्यामुळे "पहिला आकडा काय होता" असं स्वतःला विचारत बसलं की उलट गोंधळ वाढतो. दुसरा कोणाचा तरी फोन घ्या, नंबर फिरवायचा डायलपॅड उघडा, नेहमीच्या हातात नेहमीसारखा धरा आणि कोणाशी तरी बोलता बोलता अंगठा चालू द्या. कॅल्क्युलेटर उघडू नका. त्यात ७-८-९ वरच्या ओळीत असतात आणि फोनच्या पिनमध्ये १-२-३ वर असतात, म्हणजे ओळखीची हालचाल उलटीच उमटते. मी एकदा नेमकं हेच करून एका मैत्रिणीला अर्धा तास चुकीच्या वाटेने नेलं होतं. डायलपॅड दिल्यावर तिने तिसऱ्या खेपेला बरोबर पिन दाबला. पॅटर्न असेल तर कागदावर नऊ ठिपके काढून त्यावर बोट फिरवा.

पिन किती आकडी होता तेही आठवा. अनेकजण आधीच्या फोनवर ४ आकडी पिन वापरत असतात आणि नव्या फोनने ६ आकडी मागितल्यावर त्यालाच पुढे दोन आकडे जोडतात. ४ आकड्यांचे पिन १०,००० होतात, ६ आकड्यांचे १० लाख, तेव्हा सरसकट आकडे टाकत जाणं निरर्थक आहे. पण 'जुना पिन आणि पुढे दोन आकडे' एवढ्यावर आलात तर विचार करण्यासारखे पर्याय बोटावर मोजण्याइतके उरतात. ते कागदावर लिहा, जो टाकून पाहाल त्यावर काट मारा, आणि मध्ये झोप घ्या. सकाळी उठल्या उठल्या, अजून पूर्ण जाग आलेली नसताना, हाताला आठवलेलं मी दोनदा पाहिलंय.

अक्षरांचा पासवर्ड असेल तर कीबोर्ड पाहा. रीस्टार्टनंतर पहिल्यांदा फोन उघडेपर्यंत तुम्ही बाहेरून घेतलेला कीबोर्ड बऱ्याचदा येत नाही, फोनचा मूळ कीबोर्ड येतो. त्यात भाषा वेगळी असू शकते, पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल होऊ शकतं. आणि पडद्याचा एखादा पट्टा मेला असेल तर बरोबर पिनही चुकतो. प्रत्येक आकड्याला ठिपका उमटतो का ते मोजा. उमटत नसेल तर स्क्रीन गार्ड काढून, काच पुसून पाहा. तरीही नाही, तर अनेक अँड्रॉइड फोनना ओटीजी जोडणीतून (फोनच्या चार्जिंगच्या खाचेत बसणाऱ्या छोट्या अडॅप्टरने) माउस लावता येतो आणि त्याने आकडे दाबता येतात.

बोट किंवा चेहरा अजून चालतोय का?

चालत असेल तर तुमचं नशीब चांगलं आहे, आणि आता फोन अजिबात बंद करू नका. बॅटरी संपू देऊ नका, अपडेट लावू नका. रीस्टार्ट झाला की बोट आणि चेहरा दोन्ही बाद होतात, पिनच लागतो.

तशीही ही सवलत फार दिवसांची नसते. बोट किंवा चेहऱ्याने कितीही वेळा उघडला तरी अँड्रॉइड साधारण ७२ तासांतून एकदा पिन मागतोच. आयफोन साडेसहा दिवस पासकोड वापरला नसेल आणि मागच्या ४ तासांत चेहऱ्याने किंवा बोटाने उघडला नसेल तर मागतो. सलग ४८ तास उघडलाच नसेल तरीही मागतो. नव्या सॉफ्टवेअरवर तीन दिवस न उघडता पडून राहिलेला फोन आपणहून रीस्टार्टसुद्धा होतो, आयफोनही आणि अँड्रॉइडही. "काल चालत होता, आज अचानक" याचं उत्तर जवळपास नेहमी यातल्याच एका नियमात सापडतं. फोन बिघडलेला नसतो.

तर जो वेळ आहे त्यात फोन उघडा आणि आतलं बाहेर काढा. पिन बदलायला जुना पिन लागतो, त्यामुळे सेटिंगमध्ये जाऊन झटापट करू नका. फोटो क्लाउडवर चढले का ते पाहा. अँड्रॉइड असेल तर यूएसबी केबलने कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. व्हॉट्सअॅपचा बॅकअप त्याच क्षणी घ्या. नोंदवही, संपर्क, ध्वनिमुद्रणं, डाउनलोडमध्ये पडलेली कागदपत्रं, सगळं बघा. आणि फोनवर कुठली खाती उघडी आहेत ते नीट लिहून घ्या, कारण पुढे सगळं त्यावरच अडतं.

पिन हल्लीच बदलला होता?

आयफोनवर आयओएस (आयफोनचं मूळ सॉफ्टवेअर) १७ किंवा पुढचं असेल तर पासकोड बदलल्यापासून ७२ तासांच्या आत जुना पासकोड चालतो, आणि ही सोय फार कमी लोकांना माहीत आहे. पासकोड काही वेळा चुकू द्या, खाली 'फॉरगॉट पासकोड' येईल; त्यात 'एंटर प्रीव्हियस पासकोड' निवडून आधीचा टाकला की नवा ठेवता येतो. काहीही पुसलं जात नाही. काही सॅमसंग फोनवर 'रिमोट अनलॉक' आधीपासून चालू ठेवलेलं असेल आणि सॅमसंग खातं उघडं असेल, तर कॉम्प्युटरवरून त्या खात्यात जाऊन लॉक काढता येतं. आधी चालू केलेलं नसेल तर आता करता येत नाही.

डेटा शाबूत ठेवून फोन उघडायचे रस्ते इथे संपले. आधी अँड्रॉइडवर जीमेलचा पासवर्ड टाकून पॅटर्न काढता यायचा, पण ती सोय ४.४ पर्यंतच होती. २०१४च्या अँड्रॉइड ५ पासून गेली. त्या काळातले सल्ले अजून फिरतात आणि लोक नसलेलं बटण शोधत बसतात.

पुसण्याआधी खातं

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. अँड्रॉइड ५.१ पासून (२०१५) फॅक्टरी रिसेटनंतर फोन त्यावरच्या शेवटच्या गूगल खात्याची खात्री मागतो. आयफोनवर 'ॲक्टिव्हेशन लॉक' हेच काम २०१३च्या आयओएस ७ पासून करतो. चोराने फोन पुसून विकू नये म्हणून ही सोय आहे आणि ती असायलाच हवी. पण तिला चोर आणि मावशी यांतला फरक कळत नाही.

म्हणून फोन पुसायच्या आधी दुसऱ्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर त्याच गूगल किंवा ॲपल खात्यात प्रत्यक्ष जाऊन दाखवा. "मला पासवर्ड माहीत आहे" हे पुरेसं नाही, आत गेलात तरच मोजायचं. खात्री करणारा कोड त्याच कुलूपबंद फोनवर जात असेल तर एसएमएसचा पर्याय निवडा, सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घाला आणि कोड घ्या. ईसिम (फोनमध्येच असलेलं, काढता न येणारं सिम) असेल तर हे जमणार नाही, मग खात्यात दिलेला दुसरा ईमेल किंवा घरातल्या कोणाचा नंबर उपयोगी पडतो. कोड देणारं ऑथेंटिकेटर ॲप याच फोनमध्ये असेल तर ज्या ज्या सेवांना ते जोडलंय त्यांचीही सोय आत्ताच लावा; राखीव कोड कुठे छापून ठेवलेत का, शोधा.

गूगलचा पासवर्ड आत्ताच बदलावा लागला असेल तर त्यानंतर किमान २४ तास थांबून मग रिसेट करा, नाहीतर नवा पासवर्ड बरोबर असूनही फोन आत घेणार नाही. ॲपल खात्याची पुनर्प्राप्ती कधी कधी काही दिवस चालते. त्या दिवसांत फोन तसाच राहू द्या.

खात्यात शिरलाच आहात तर बॅकअप बघून घ्या. गूगल ड्राइव्हच्या वेबसाइटवर स्टोरेजमध्ये 'बॅकअप्स' असतं. तिथे फोनचं नाव आणि शेवटच्या बॅकअपची तारीख दिसते. गूगल फोटोज वेगळं उघडून शेवटचा फोटो कधीचा आहे ते पाहा. मी नेहमी माणसाला सोबत बसवून हे दाखवते. "मुलीच्या बारशाचे आहेत, सहलीचे नाहीत" हे पुसण्याआधी कळणं आणि पुसल्यावर कळणं यात फार अंतर आहे. आयक्लाउडची मोफत जागा ५ जीबीच असते आणि ती भरली की बॅकअप गुपचूप थांबलेला असतो, त्यामुळे आयफोनवाल्यांनीही तारीख पाहावी.

व्हॉट्सअॅप कॉम्प्युटरवर जोडलेलं असेल तर ते अजून उघडं असण्याची शक्यता आहे. मुख्य फोन १४ दिवस वापरला नाही तर मात्र ते निघून जातं. तिथून लागणारे फोटो, पत्ते, कागदपत्रं उतरवून घ्या, कारण नंबर नव्याने नोंदवला की ही जोडणी तुटते. बॅकअपला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय मजकूर वाचताच येणार नाही असं कुलूप) लावलं असेल तर त्याचा पासवर्ड किंवा ६४ आकडी किल्ली लागेल. ती नसेल तर बॅकअप असूनही उघडत नाही.

मेमरी कार्ड असेल तर ते आत्ताच काढून बाजूला ठेवा. साधं कार्ड दुसरीकडे वाचता येतं. फोनच्या आतल्या जागेसारखं वापरलेलं किंवा एन्क्रिप्ट केलेलं कार्ड मात्र रिसेटनंतर कुठेच वाचता येत नाही.

आता पुसा

हा भाग सोपा आहे. बॅटरी निम्म्याच्या वर असू द्या.

अँड्रॉइड फोन चालू आणि इंटरनेटवर असेल तर दुसरीकडून गूगलच्या 'फाइंड हब'मध्ये त्याच खात्याने जा (पूर्वीचं नाव 'फाइंड माय डिव्हाइस'), फोन निवडा आणि पुसायचा पर्याय घ्या. कोडसाठी सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं असेल तर आधी परत बसवा, नाहीतर वायफायही नसेल तर आदेश फोनपर्यंत पोचत नाही.

हे जमत नसेल तर बटणं. फोन बंद करा, मग पॉवर आणि आवाजाचं बटण एकत्र दाबून धरा. कुठल्या फोनला आवाज वाढवायचं आणि कुठल्याला कमी करायचं, हे मॉडेलप्रमाणे बदलतं. गूगलच्या पिक्सेलला पॉवर आणि आवाज कमी. त्यातून 'रिकव्हरी मोड' निवडा. तिथे आडवा पडलेला रोबो आणि 'नो कमांड' दिसलं तर घाबरू नका, पॉवर दाबून धरा आणि आवाज वाढवायचं बटण एकदा दाबा. सॅमसंगला साइड बटण आणि आवाज वाढवा. अलीकडच्या मॉडेलांत फोन केबलने कॉम्प्युटरला जोडलेला नसेल तर हा पडदा येतच नाही, आणि लोक तासभर बटणं दाबत राहतात. पडदा आल्यावर आवाजाच्या बटणांनी 'वाइप डेटा / फॅक्टरी रिसेट'वर या, पॉवरने निवडा, होकार द्या, मग 'रिबूट सिस्टिम नाऊ'.

आयफोनवर आयओएस १५.२ पासून कॉम्प्युटर लागत नाही. चुकांनंतर कोपऱ्यात 'इरेज आयफोन' येतं, नव्या आवृत्तीत 'फॉरगॉट पासकोड' आणि पुढे 'स्टार्ट आयफोन रिसेट'. फोन नेटवर असायला हवा आणि ॲपल खात्याचा पासवर्ड लागतो. इथेच अनेकजण अडतात: रीस्टार्टनंतर पहिल्यांदा उघडेपर्यंत आयफोन घरच्या वायफायला स्वतःहून जोडला जात नाही, म्हणून मोबाइल डेटा असलेलं सिम आत असू द्या. दुसरा रस्ता आयक्लाउडच्या वेबसाइटवरचं 'फाइंड डिव्हायसेस'. तिथे जायला दुसऱ्या उपकरणावरचा कोड लागत नाही, पासवर्ड पुरतो.

दोन्ही नाही जमलं तर कॉम्प्युटर. मॅकवर फाइंडर, विंडोजवर आयट्यून्स किंवा 'ॲपल डिव्हायसेस'. फोन पूर्ण बंद करा. आयफोन ८ आणि पुढच्यांना साइड बटण, ७ ला आवाज कमी, ६एस आणि मागच्यांना होम बटण दाबून धरूनच केबल लावा, आणि कॉम्प्युटर व केबलचं चित्र येईपर्यंत सोडू नका. ॲपलचं चिन्ह आलं तर सोडायची घाई झाली, पुन्हा करा. मग 'रिस्टोअर'. डाउनलोडला १५ मिनिटांहून जास्त लागली की फोन त्या पडद्यावरून बाहेर येतो; नेट संथ असेल तर डाउनलोड पुरं होऊ द्या आणि बटणांची पायरी पुन्हा करा.

"डेटा न जाता उघडून देतो"

अशी सॉफ्टवेअरं आणि अशी माणसं भेटतील. आजच्या फोनमध्ये आतला मजकूर एन्क्रिप्ट केलेला असतो आणि त्याची किल्ली तुमचा पिन व त्याच फोनमधली चिप मिळून तयार होते. चिप दुसरीकडे नेऊन चालत नाही, पिनशिवाय किल्ली बनत नाही. विकली जाणारी बहुतेक 'अनलॉक' सॉफ्टवेअरं शेवटी तीच पुसण्याची क्रिया करतात जी तुम्ही वर फुकट केलीत. कोणी मदतीच्या नावाखाली ओटीपी मागितला किंवा कॉम्प्युटरचा पडदा शेअर करायला सांगितला तर तिथेच बोलणं थांबवा. खातं कुठल्याच मार्गाने मिळत नसेल तर फोन घेतल्याची पावती शोधा. खरेदीचा पुरावा असेल तर ॲक्टिव्हेशन लॉक काढण्यासाठी ॲपलकडे अर्ज करता येतो.

नवा पिन

नवा पिन रात्री झोपताना ठेवू नका. सकाळी ठेवा, आणि पहिले तीन-चार दिवस बोट व चेहरा बंद ठेवून फोन फक्त पिनने उघडा. दिवसात पन्नासदा दाबला की तो हातात बसतो. नंतर बोट चालू करा.

आणि लिहून ठेवा. वयस्कर माणसांच्या बाबतीत तर मी आग्रहच धरते. मावशीच्या घरी आता कपाटात एक वही आहे; तिच्या शेवटच्या पानावर फोनचा पिन, खाली सिमचा पीयूके, खाली गूगल खात्याचा पत्ता आणि पासवर्ड, आणि खात्यात जोडलेला दुसरा नंबर म्हणून माझा.